नारिंगी टोक

"मॅडम, नवरदेव घोड्यावर बसलाय, कमरेला तलवार आहे, आणि डोक्यावर बाळाचं टोपडं! कसं दिसेल?"

सोनजे काकांनी आमच्या शेडमधल्या टेबलावर बंदूक ठेवली आणि नळीच्या टोकावर बोट टेकवलं. बंदूक काळी होती, टोक नारिंगी. टोपडं म्हणजे ते टोक. काकांचं मंगल कार्यालय होतं, त्यामुळे त्यांची कुठलीही उपमा शेवटी मांडवातच येऊन बसायची.

"काका, ते नारिंगी आहे म्हणून तर लोकांना कळतं, की हे खेळणं आहे," मी म्हटलं.

एका वाक्यात माझ्या दोन चुका झाल्या होत्या. क्लबच्या कामासाठी आले की त्यांना काका म्हटलेलं चालत नसे. तेव्हा ते कमांडर असत. आणि त्या वस्तूला खेळणं म्हटलेलं तर मुळीच खपत नसे. वेपन म्हणायचं. अगदीच नाइलाज झाला तर रेप्लिका. आत एक बॅटरी, एक मोटर आणि एक स्प्रिंग. चाप ओढला की मटारच्या दाण्याएवढी प्लास्टिकची गोळी उडायची, समोरच्याच्या कपड्यावर टक् करून वाजायची आणि खाली पडायची. एवढ्यासाठी नाशिकमधली वीस-पंचवीस शिकलीसवरलेली माणसं दर रविवारी गिरणाऱ्याच्या पुढच्या एका पडीक माळावर फौजी कपडे घालून झुडपांमागे पालथी पडत. देवळालीला कॅम्पात खरे जवान राहतात. त्यातल्या एकाने बसस्टँडवर आमच्या या फौजेला पाहून अदबीने विचारलं होतं, "शूटिंग किधर है, साब?" सोनजे ती गोष्ट कौतुक म्हणून सांगत.

"कालिंदी, कमांडर म्हणतात तसं कर ना," त्यांच्या मागे उभा असलेला निनाद म्हणाला.

निनाद कोठावदे माझा होणारा नवरा. दिवाळीनंतर साखरपुडा झाला होता, फेब्रुवारीत लग्न होतं, आणि ते सोनजेंच्याच कार्यालयात होतं. भर लग्नसराईतली ती तारीख त्यांनी कुणाचं तरी बुकिंग इकडचं तिकडे करून आम्हाला दिली होती, आणि हे ते प्रत्येक भेटीत एकदा सांगत. निनाद बँकेत अधिकारी होता. दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. क्लबात त्याला 'घोस्ट' म्हणत, कारण सबंध मोसमात त्याला कुणाची गोळी लागली नव्हती.

हे रंगाचं काम माझ्याकडे आलं ते त्यांच्या अकलेमुळे. आधी सोनजेंनी स्वतःच रंग उतरवायचं ठरवलं होतं. कार्यालयातली जिलेबीची परात घेतली, तिच्यात थिनर ओतला आणि बंदूक रात्रभर भिजत घातली. प्लास्टिक आणि थिनर यांचं जमत नाही, हे कुठलाही गॅरेजवाला सांगेल. पण विचारायचं कुणाला, कमांडर असताना? सकाळी उचलायला गेले तर दस्ता हातात आला आणि नळी परातीतच राहिली. त्या परातीचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही, पण त्या कार्यालयात जिलेबीही मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

मग निनादला आठवलं, की आपल्या सासऱ्यांची सातपूरला दुचाकींच्या टाक्या रंगवायची शेड आहे आणि होणारी बायको कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून तिथेच काम करते.

"क्लबातल्या सगळ्या बंदुका पाठवतो. सगळं तासून काढायचं," सोनजे म्हणाले. "जुना रंग, ते नारिंगी, सगळं. मुळापर्यंत. मग एकसारखा मॅट काळा. सव्वीस जानेवारीच्या आधीच्या रविवारी कॅलेंडरचे फोटो आहेत आणि संध्याकाळी कार्यालयात शस्त्रप्रदर्शन. आपल्या समाजाची मोठी मोठी माणसं येणार. मीटिंगमध्ये ठराव झालाय, सगळ्यांनी हात वर केलेत. कळलं ना?"

मी मान हलवली.

ते गेल्यावर अण्णांनी कंप्रेसर बंद केला. माझे वडील मुळात कमी बोलतात, आणि जे बोलायचं ते कंप्रेसर बंद करून बोलतात. त्या दिवशी ते माझ्याशी दोन वाक्यं बोलले आणि पुन्हा कामाला लागले. ती काय होती ते पुढे येईलच.

काम तसं मला आवडलं, हे मान्य करते. स्क्रू काढायचे, बॅटरी आणि मोटर बाजूला ठेवायची, कवचाचे दोन भाग मोकळे करायचे. थिनर नाही, साधं स्पिरिट. जुना दात घासायचा ब्रश घेऊन खाचाखाचांतून रंग मऊ करायचा, बारीक पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा आणि मग काळ्याचे पातळ हात. एकेका बंदुकीवर मालकाने काय काय चिकटवलेलं असायचं! एकावर वाघाचा जबडा, एकावर कवटी, एकावर 'आईचा आशीर्वाद'. निनादच्या बंदुकीवर भूत काढलेलं होतं. ते मी उतरवलं तेव्हा खाली त्याने आधी काढलेला सिंह निघाला, आणि सिंहाखाली गरुड. आमच्या शेडमध्ये खरी गन एकच होती, ती म्हणजे स्प्रे गन. ती हातात घेऊन मी रोज या शूरवीरांचे प्राणी खरवडत होते.

रविवारी सकाळी मी बंदुका घेऊन माळावर गेले. त्या नामदेव गांगुर्डेंच्या छोट्या हत्तीत होत्या आणि मी मागून स्कूटरवर. नामदेवदादा हे सोनजेंच्या कार्यालयाचं सामान वाहणारे. मांडवाचे बांबू, गाद्या, पातेली, सगळं त्यांच्या टेम्पोतून जायचं. त्यांची बायको सुनंदाताई कार्यालयात पोळ्या लाटायची आणि रविवारी माळावर चूल मांडून या फौजेचा स्वयंपाक करायची. सैन्य पोटावर चालतं, हे एक खरं ज्ञान सोनजेंना होतं.

फोटोच्या आधी एक सामना झाला. मी चुन्याच्या रेघेबाहेर उभी राहिले. शेजारी विसपुते काका बंदुकीत बॅटरी बसवायची खटपट करत होते. हे जिल्हा परिषदेत कारकून, पन्नाशीचे, पोट पट्ट्याच्या बाहेर आलेलं. दर सामन्यात ते पहिल्या काही मिनिटांतच बाद होत, म्हणून क्लबात सगळे त्यांना 'हुतात्मा विसपुते' म्हणत. मीही मनातल्या मनात म्हणायचे. इतक्या वयाचा माणूस, घरी बायको डब्यात चिवडा भरून देते आणि हा इथे येऊन लहान पोरांसारखा मरतो, याचं मला हसूच यायचं.

"काका, गोळीचा काही रंग उमटत नाही. मग लागली हे कुणी ठरवायचं?" मी विचारलं.

"ज्याला लागली त्यानं. हात वर करायचा, 'हिट' म्हणायचं आणि बाहेर यायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

त्यांनी बॅटरीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्नच नीट कळला नसावा.

"न म्हणून कसं चालेल?" ते म्हणाले. "लागलेली असते ना."

शिटी वाजली. विसपुते काका धापा टाकत एका निवडुंगामागे जाऊन बसले. निनाद माझ्यापासून दहा पावलांवर, मातीच्या गोण्यांच्या आडोशाला होता. त्याने डोकं काढलं, तेवढ्यात विसपुत्यांनी बंदूक उडवली. टक्. आवाज मी स्वच्छ ऐकला. पांढरी गोळी निनादच्या छातीवरून घरंगळली आणि बुटापाशी पडली. त्याने खाली पाहिलं. मग त्याला मी दिसले. त्याने मला डोळा मारला, बुटाने गोळीवर माती लोटली आणि नेम धरून विसपुत्यांना उडवलं.

"हिट!" विसपुते काका ओरडले आणि दोन्ही हात वर करून बाहेर आले. निनादला गोळी लागलेली त्यांनी नक्की पाहिली होती. माझ्याजवळून जाताना ते फक्त एवढंच म्हणाले, "आज थोडा तरी टिकलो."

मला ते अजिबात आवडलं नाही. घोस्ट म्हणे! भुताला गोळी लागत नाही ते ठीक, पण माती लोटायला बूट कशाला लागतो? लग्नपत्रिका छापून आल्या होत्या, आईने पाहुण्यांच्या साड्या काढल्या होत्या. खेळच तर आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि स्कूटरवर जाऊन बसले.

मग फोटो झाले. ते वर्णन करायला मला आजही कष्ट पडतात. एका माणसाने दातात चाकू धरला होता. तो आयुर्विम्याचं काम करायचा. सोनजे एका दगडावर पाय ठेवून क्षितिजाकडे पाहत उभे राहिले, आणि क्षितिजावर सुनंदाताईंची चूल येत होती म्हणून फोटोवाल्याने ती हलवायला लावली. विस्तवासकट.

फोटो संपल्यावर मी म्हटलं, "काका, बंदुका जायच्या आधी मला दहा मिनिटं द्या. टोकांचं बघायचंय."

"टोकांना हात लावायचा नाही," सोनजे म्हणाले. "संध्याकाळी प्रदर्शन आहे. असंच काळं पाहिजे. नामदेव! माल भर आणि कार्यालयात नेऊन मांड. आम्ही जेवून येतो."

"शेठ, कुणी सोबत येतंय का?" नामदेवदादांनी विचारलं. "सव्वीस जानेवारी आलीय, नाक्यावर तपासणी चालूय."

"अरे, मांडवाचे बांबू नेतोस तेव्हा कोण येतं सोबत? माझं नाव सांग. नाशिकमध्ये सोनजे म्हटलं की पुरतं."

नामदेवदादा गेले. फौज पंगतीला बसली. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. सुनंदाताई पातेलं घेऊन वाढत होत्या. दुसरी भाकर आली असेल-नसेल, तोच सोनजेंचा फोन वाजला. त्यांना फोन नेहमी स्पीकरवर टाकून हातात आडवा धरायची सवय होती. वायरलेससारखा.

"बोल नामदेव. ओव्हर."

"शेठ, मला धरलंय." नामदेवदादांचा आवाज ओळखू येत नव्हता. "नाक्यावर गोणी उघडली अन् पोलिसानं बंदूक लावली ओ मला. खरी बंदूक. गुडघ्यावर बसवलं रस्त्यात. मी सांगतोय खेळण्यातल्या हायेत, कोणी ऐकंना. चौकीत आणलंय. शेठ, तुम्ही या फक्त. या अन् आमच्या हायेत म्हणून सांगा."

सुनंदाताईंच्या हातातला डाव परातीत पडला. टण्णकन आवाज झाला.

"शेठ? ऐकताय ना?"

"आवाज येत नाहीये, नामदेव," सोनजे म्हणाले. "नेटवर्क नाहीये." आणि त्यांनी फोन बंद केला. ओव्हर म्हणायचं राहून गेलं.

सुनंदाताई सोनजेंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "शेठ, उठा ना. जाऊ आपण. त्यांला मारतील ओ. नाय तर दहशतवादी म्हणून टाकतील आत. तुम्ही सांगितलं की सोडतील."

"हे बघ सुनंदा, अशा गोष्टी घाईत करायच्या नसतात. वरून चॅनेल लावावं लागतं. मी आमदार साहेबांच्या पी.ए.शी बोलतो. उद्या रविवार..." आजच रविवार होता. "म्हणजे सोमवारी सकाळी."

"सोमवारपत्तुर?"

"आपण एकदम सगळे गेलो तर प्रकरण वाढेल," विमावाला म्हणाला. सकाळी दातात चाकू होता तो. "पेपरात नावं येतील. माझे क्लायंट आहेत."

गर्जेल तो पडेल काय, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं. एकेक जण ताटावरून उठला. मला वाटलं, निघाले. ते गेले ते तंबूत, आणि बाहेर आले ते साध्या शर्ट-पँटमध्ये. फौजी कपडे पिशव्यांत कोंबलेले, पिशव्या गाडीच्या सीटखाली. एवढ्या शिस्तीत केलेली हालचाल त्या क्लबाने मोसमभर कधी केली नव्हती.

"काका, मी जाते," मी सोनजेंना म्हटलं. "रंग मी दिलाय, ते सांगते. पण तुम्ही चला. क्लब तुमचा, माणूस तुमचा."

"तूच जा," सोनजे लगेच म्हणाले. "काळं कुणी केलं? तू केलंस. टेक्निकली तुझंच काम आहे ते."

मी निनादकडे पाहिलं. तो अजून ताटावर होता. सुनंदाताई त्याच्यापासून हातभर अंतरावर, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. तो खाली मान घालून पिठल्यात ठेचा कालवत होता. बराच कालवत होता.

"निनाद," मी म्हटलं. "चल."

"कालिंदी, जरा प्रॅक्टिकल हो." त्याने मान वर केली नाही. "माझं प्रमोशन आहे मार्चमध्ये. आणि लग्न महिन्यावर आलंय. उगाच कशाला अंगावर घ्यायचं? कमांडर बघतायत ना."

त्याच वेळी पंगतीच्या शेवटाहून एक हात वर गेला. विसपुते काका. तोंडात घास होता, तो त्यांनी आधी गिळला.

"मी येतो," ते म्हणाले. "त्यातली एक माझी आहे."

ते तसेच उठले. कपडे बदलायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि घाईत माझ्याही नाही. सुनंदाताईंना मी म्हटलं, "ताई, तुम्ही इथेच थांबा, मी घेऊन येते दादांना." त्या थांबल्या नाहीत, रस्त्यावर जाऊन त्यांनी येणारी पहिली रिक्षा धरली. आणि मी, मागच्या सीटवर नखशिखांत फौजी वेशातले नव्वद किलोंचे विसपुते काका घेऊन, स्कूटरवरून निघाले. चढावर स्कूटर कण्हायला लागली तेव्हा ते उतरून चालले. वाटेत दोन पोरांनी त्यांना सलाम ठोकला. त्यांनी परत केला.

चौकीच्या दारातच शिपायाने त्यांना अडवलं. "आर्मीत आहात का?"

"नाही साहेब. जिल्हा परिषदेत."

आत नामदेवदादा भिंतीशी उकिडवे बसले होते. शर्टाची दोन बटणं तुटली होती आणि एक गाल सुजला होता. आम्हाला पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले. सवयच लागली होती त्यांना तेवढ्यात. मला भरून आलं, आणि माळावरच्या त्या पिठल्याच्या पंगतीचा राग आला.

बंदुका टेबलावर ओळीने मांडलेल्या होत्या. काळ्याकुट्ट, सुंदर. माझंच काम.

फौजदारांच्या छातीवर 'खैरनार' अशी पाटी होती. "खेळण्यातल्या आहेत हे आम्हालाही एक उघडल्यावर कळलं, ताई," ते शांतपणे म्हणाले. "पण माझ्या शिपायाला अंधाऱ्या गोणीत काळी नळी दिसली. त्याने चाप ओढला असता तर हा माणूस आज इथे बसलेला नसता. असल्या वस्तूंना पुढे रंगीत टोक असतं. इथे ते नाही. ते तासून काढून कुणी खऱ्यासारख्या केल्या, आणि कशासाठी? दरोड्याला असल्याच वापरतात. ते कळेपर्यंत हा सुटत नाही."

"तासलेलं नाही, साहेब," मी म्हटलं. "दोन मिनिटं द्या."

स्कूटरच्या डिकीत स्पिरिटची बाटली आणि फडकं होतंच. मी ते आणलं, पहिल्या बंदुकीची नळी धरली आणि टोकावरून ओलं फडकं फिरवलं. काळं फडक्यावर आलं आणि खालून नारिंगी निघालं. झेंडूसारखं, नवंकोरं.

अण्णांनी त्या दिवशी कंप्रेसर बंद करून सांगितलं होतं ते हेच. "नारिंगीला हात लावू नको. वरून पुसता येईल असा पातळ काळा मार आणि फोटो झाले की पुसून टाक." सोनजेंनी 'कळलं ना' विचारल्यावर मी मान हलवली होती. मान हलली की होकार, असं त्यांच्या कार्यालयात असेल. तिथे त्यांच्यापुढे सगळे हो म्हणूनच मान हलवतात.

फौजदार पुढे वाकून पाहत होते. "सगळ्यांची काढा," ते म्हणाले.

आम्ही खाली बसलो. मी, विसपुते काका आणि मग नामदेवदादाही. त्यांनीही फडक्याचा तुकडा मागून घेतला. सुनंदाताई आल्या, त्यांनी आधी नवऱ्याचा गाल पाहिला, मग पदर खोचला आणि त्याही बसल्या. टेबलावर गाजरांच्या जुडीसारखी नारिंगी टोकं जमत गेली. शिपाई चहा घेऊन आला आणि तो सगळ्यांत आधी नामदेवदादांना दिला.

"काळं करायला कुणी सांगितलं होतं?" फौजदारांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांनी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुसऱ्यांदा लावला, तेव्हा बंद.

"मग जबाब कुणाचा घेऊ? रंग यांनी दिला, ते ठीक. पण क्लबातर्फे कोण?"

विसपुते काकांनी हात वर केला. चौकीत, फौजदारासमोर, शाळेतल्या मुलासारखा सरळ वर.

"मी साहेब. ठराव झाला तेव्हा मीही हात वर केला होता. ती तिसरी माझी आहे, ती, पट्टा तुटलेली. काळी करायला नको होती, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

"सरकारी नोकरी आहे तुमची. कळतंय ना तुम्हाला?"

"हो साहेब." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात अजून वरच होता. "पण लागलं ना ते."

फौजदारांना त्याचा अर्थ कळला नसावा. मला कळला. या माणसाला मी मनातल्या मनात हुतात्मा म्हणत होते आणि वर हसत होते. त्या खोलीत त्यांच्याकडे पाहायची मला लाज वाटली.

जबाब झाले, समज मिळाली, बंदुका चौकीत राहिल्या. ऊन कलायच्या आत नामदेवदादा आपला टेम्पो घेऊन घरी गेले. विसपुते काकांना पुढे त्यांच्या कचेरीत खुलासा द्यावा लागला आणि तो त्यांनी अगदी खरा दिला, असं ऐकलं. नामदेवदादांनी त्यानंतर सोनजेंचा एक बांबूही वाहिला नाही. शस्त्रप्रदर्शन झालंच नाही. समाजाची मोठी माणसं आली, जेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर निनाद शेडवर आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. अण्णा एका टाकीवर लाल रंगाचा हात देत होते. कंप्रेसर धडधडत होता, त्यामुळे निनादला ओरडून बोलावं लागत होतं, आणि त्याला ओरडून बोलणं शोभत नसे.

"झालं ना सगळं नीट!" तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं. पेपरात काही नाही, कुणाचं नाव नाही. कमांडरही खूश आहेत तुझ्यावर. म्हणाले, पोरगी हुशार आहे, नारिंगी ठेवलं ते बरं केलं."

मी टेबल पुसत होते.

"रागावलीयस? अगं, मी काय वाईट केलं? मी कुणाला मारलं नाही, कुणाला फसवलं नाही. मी तर नुसता बसलो होतो. आणि हे बघ, लग्नानंतर जरा सांभाळून हं. ड्रायव्हरसाठी चौकीत जाऊन बसायचं म्हणजे... आईलाही ते पटलं नाही."

अण्णांनी कंप्रेसर बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं. ते स्प्रे गन हातात तशीच धरून माझ्याकडे पाहत उभे राहिले. बोलायचं मला होतं, त्यांनी फक्त जागा करून दिली.

मी बोटातली अंगठी काढून पेढ्यांच्या पुड्यावर ठेवली.

"हे काय?" निनाद हसला. तेच माळावरचं हसू, डोळा मारतानाचं. "एवढ्यासाठी? कालिंदी, मला समजेल असं सांग. माझी चूक काय झाली?"

"लागलं होतं तुला," मी म्हटलं. "दोन्ही वेळा. मी आवाज ऐकला होता."

त्याचं हसू तसंच थोडा वेळ राहिलं. मग त्याने तोंड उघडलं, पण अण्णांनी कंप्रेसर पुन्हा चालू केला होता, आणि तो पुढे काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.